कमानवाल्या मुख्तारचा आवाज

"हे तुले पटणार नाही," मी धावजीला आधीच सांगून टाकलं. "वणीत माझं कोणाले काही पटत नाही. पण हे या डोळ्यानं पाह्यलं नसतं तर मलेही पटलं नसतं."

धावजी ढाणकीचा. वीटभट्टीसाठी कोळसा न्यायला ट्रक घेऊन आला होता आणि मारेगाव रस्त्यावरच्या एका खड्ड्यात मागच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पाटा मोडून बसला होता. ट्रक जॅकवर, चाक बाहेर, आणि हा माझ्या शेजारी बाकड्यावर, प्लास्टिकच्या कागदात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. समोर शेडात मुख्तार तापलेला पाटा ऐरणीवर धरून हातोडा मारत होता. भर दुपार होती, पण वणीत दुपार कधी पुरती उजळत नाही. खदानीकडची धूळ उन्हातच कालवून येते. बाभळीचं पान बोटानं पुसलं तर पान हिरवं होतं आणि बोट काळं.

मी इथे रोज बसतो. जन्म खदानीच्या काट्यावर ट्रक तोलण्यात गेला. आता तोलायला काही नाही म्हणून लोकांना गोष्टी सांगतो. एकदा काट्यावर भरल्या ट्रकची नुसती सावली पडली होती तर काट्यानं साठ किलो दाखवले, ट्रक पुढे गेला तरी सावली पावती घ्यायला थांबली होती, असलं काहीबाही. ड्रायव्हर हसतात आणि पाटा होईपर्यंत दुसऱ्या मिस्त्रीकडे जात नाहीत. मुख्तारचं गिऱ्हाईक मी असं बांधून ठेवतो.

धावजीनं विचारलं होतं एवढंच, की हा मिस्त्री बोलत काहून नाही. "मी मघापासून इचारून राह्यलो, किती येळ लागन, तं नुसता हात दाखवते. राग आला का काय?"

"राग नाही. त्याचा आवाज खिशात हाय."

"कोनाच्या खिशात?"

"त्याच्याच. फोनात. जसाच्या तसा, खरखरीसकट."

धावजीनं घोटणं थांबवून मुख्तारकडे पाहिलं. मुख्तारच्या गळ्याभोवती ओला रुमाल होता. हातोडा उचलला की रुमाल आत ओढला जाई, मारला की बाहेर फुगे. "मंग काहाडाले लावा ना तो फोन," धावजी म्हणाला.

"हातात हातोडा असला की तो फोन काढत नाही. तू ऐक."

मग मी त्याला मुख्तारचा आवाज सांगितला. आवाज सांगता येत नाही हे मला माहीत आहे, पण मी सांगितला. मारेगावच्या फाट्यावर उभं राहून त्यानं शिवी दिली की इकडे वणीत उभ्या ट्रकचे नट ढिले होत आणि गिऱ्हाईक आपोआप त्याच्याकडे येई. एकदा खदानीच्या गेटवर तो नुसता खोकलला, तर आतल्या लोकांना वाटलं सुरुंग उडाला, सगळी पाळी टोप्या धरून बाहेर. लग्नात कोणी त्याला माइक देत नसे. माइकलाच लाज वाटे. धावजी हसला, खर्रा सांडला. शेडातला हातोडा एकाच ठेक्यात पडत राहिला.

"तो आवाज बसला," मी म्हटलं. "आधी आमाले वाटलं धूळ. इथं सगळ्यायचाच घसा बसते. त्याच्या बायकोनं, जुबैदाभाभीनं, हळदीचं दूध देल्लं, मध देल्ला, कोणी म्हटलं खर्रा बंद कर, त्यानं बंद केला. उशिरानं केला. यवतमाळच्या डॉक्टरनं पाह्यलं आन् नागपूरले धाडलं. नागपूरवाल्यानं सांगतलं, आवाजाची पेटीच काहाडा लागते. गळ्याले भोक ठेवू, त्यातून श्वास घेईन. जीव राहीन. बोलणं राहणार नाही."

धावजीनं हातातली पुडी हळूच मिटली आणि खिशात घातली. मी पाहिलं नाही असं केलं.

"मुख्तार काय बोलला?"

"म्हणे, मंग ट्रकवाल्यायले शिव्या कोन देईन? जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात बोलला. कोणी हसलं नाही. तोच एकटा हसला, आन् त्याले दुखलं."

मुख्तारला एकच मुलगी, कहकशां. यवतमाळला कॉम्प्युटर शिकून घरी आलेली. नोकरीसाठी पुण्याला जायचं चाललं होतं, तेवढ्यात हे झालं आणि ती गेली नाही. रडली असेल तर आम्हाला दिसली नाही. तिनं एक काम काढलं. अब्बूच्या फोनासाठी एक अ‍ॅप बनवायचं. फोनवर चौकोन, चौकोनात चित्रं: चहाचा कप, पाण्याचा ग्लास, दुखतंय म्हणून एक हात, अम्मीचा फोटो, हातोडा. चौकोनावर बोट ठेवलं की आवाज निघणार, आणि तो कोण्या यंत्राचा नाही, खुद्द मुख्तारचा. पेटी काढायच्या आधी भरून घेतलेला. नागपूरला दवाखान्यात शुद्धीवर आला की त्याच्या हातात त्याचाच आवाज असला पाहिजे, एवढं तिचं म्हणणं होतं. त्या घरात त्या दिवसांत दुसरं कोणतंही म्हणणं नव्हतं.

अ‍ॅप बनलं. तिच्या स्वतःच्या फोनात चाललंही. मला तिनं दाखवलं, कपावर बोट ठेवलं तर तिच्याच आवाजात "चाय" निघालं. पण मुख्तारच्या फोनात टाकलं की उघडे आणि लगेच मिटे. कोणी दाराला फट करून बाहेर पाहावं आणि ओळखीचं नाही म्हणून लावून घ्यावं, तसं. का मिटतं ते कळायला फोन वायरनं लॅपटॉपला जोडावा लागतो. मग आत काय चुकलं ते लॅपटॉपच्या पडद्यावर ओळीओळीनं लिहून येतं. तिचा लॅपटॉप जुना, नागपूरहून दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. त्यात नेहमीची विंडोज चालत नव्हती, जड पडे. म्हणून लिनक्स टाकलेलं.

"हे लिनक्स काय असते?" धावजी म्हणाला.

"खदानीचं गेट असते," मी म्हटलं, आणि त्याला समजावं म्हणून नीट सांगितलं.

निघायचा दिवस होता. खेमसिंगची जीप दुपारच्या नमाजानंतर येणार होती, नागपूरला दवाखान्यात संध्याकाळी खाट मिळणार होती. मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. जुबैदाभाभी आतल्या खोलीत पिशव्या भरत होती. एका कुर्त्याची घडी करायची, मोडायची, परत घडी करायची. मुख्तार भिंतीशी खाटेवर बसला होता, अंगावर धुतलेले कपडे, पायात घालायच्या चपला समोर ठेवलेल्या. आणि कहकशां खाली चटईवर, लॅपटॉप मांडीवर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला मुख्तारचा फोन.

"काहो चाचा, बसा," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "हा म्हणते, फोन दिसून राह्यला, पण हात लावाची परवानगी नाही."

"कोण म्हणते?"

"लॅपटॉप."

"तुहाच ना तो? मालकिणीले परवानगी नाही?"

"लिनक्समधे मालक वेगळा आन् वापरणारा वेगळा. वायरीनं काहीबी जोडलं की दाराशी एक बसला असते. तो पाह्यते, हे कोण आलं, कोण्या कंपनीचं, याले कोण हात लावू शकते. त्याच्याजवळ नियम लेहेलेले असतात. नियमात नसलं तं तो म्हणते, दिसते पण शिवाचं नाही."

मला ते लगेच कळलं. आमच्या गेटवरही असंच. ट्रक समोर उभा, ड्रायव्हर ओळखीचा, कालच जोडीनं चहा घेतलेला. पण नंबर यादीत नाही तर ट्रक आत नाही. मी म्हटलं, मग यादीत नंबर टाक. ती म्हणाली, तेच करून राह्यले.

मुख्तारनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं मान वर न करता हात उचलला. "अब्बू, अभी नहीं. बचा के रखो." मग माझ्याकडे पाहून, हळू: "एक एक शब्द दुखते त्यायले, चाचा. आता वाया नाही घालवाचा. एकदा हे चालू झालं की एका दमात सगळं भरून घेईन. दोनदा बोलाले नाही लावणार मी त्यायले."

मुख्तारनं तोंड मिटलं. वणीभर ज्याचा आवाज ऐकू जाई तो माणूस मुलीनं सांगितलं म्हणून गप्प बसला, आणि तोंडात पाणी धरून बसावं तसा बसला, सांडू नये म्हणून.

इथे मी धावजीला थोडं रंगवून सांगितलं. लॅपटॉप इतका तापला की जुबैदाभाभीनं त्यावर पोळी टाकली आणि ती फुगली. पोळी फुगली हे खोटं असेल, पण तापला होता हे खरं.

पहिली चूक सापडली ती अशी: फोनला हात लावू शकणाऱ्यांचा एक गट असतो, आणि कहकशांचं नाव त्या गटातच नव्हतं. तिनं टाकलं. तरी तोच निरोप. मग म्हणाली, बाहेर पडून परत आत यावं लागते, तवा नवीन गट लागू होते. हेही गेटसारखंच, नाव चढलं तरी पाळी बदलल्याशिवाय वॉचमन ओळखत नाही. ती बाहेर पडली, म्हणजे लॅपटॉप बंद करून उघडला. तो उघडेपर्यंत आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे पाहत होतो. त्यात आमचीच तोंडं दिसत होती.

निरोप बदलला. तिनं मला मराठीत सांगितला. "म्हणते, तुम्ही गटात तं आहात. तुमचे नियम तं चुकले नाहीत ना?"

"टोमणा मारते का बे हा?"

"इचारते," ती म्हणाली. "नियमात कंपनीचा नंबर लागते. परतेक कंपनीचा वेगळा." तिनं फोन उलटा करून पाठीवरचं कंपनीचं नाव मोठ्यानं वाचलं, मग आपल्या फोनावर त्या कंपनीचा नंबर शोधला, आकडे आणि अक्षरं मिळून असतो तो, आणि नियमाच्या ओळीत लिहिला. ओळ मला वाचून दाखवली, जशी मी वाचून चूक काढणार होतो.

तेव्हा मुख्तारनं पुन्हा तोंड उघडलं. ती लगेच म्हणाली, "अब्बू, बचा के." त्यानं हात वर केला. तळहात पालथा धरला, मग उताणा केला, मग पुन्हा पालथा. आणि फोनकडे बोट दाखवलं.

"हां अब्बू, हो जाएगा अभी," कहकशां म्हणाली.

त्यानं हात खाली घेतला. मुलगी शिकलेली आहे, तिला माहीत असेल, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं मी वाचलं. आता कोणी म्हणेल तोंडावर असं काही लिहिलेलं नसतं.

वायर काढली, घातली. नियम चुकले नाहीत ना? तिनं ओळ पुसून परत लिहिली. वायर काढली, घातली. नियम चुकले नाहीत ना? वायर बदलली. शेजारच्या घरातून दुसरी आणली. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या भोकात घातली. अजान झाली. मुख्तार उठला, हातपाय धुऊन वजू करून आला, खाटेशेजारीच नमाज पढला, ओठ हलवत, आवाज न काढता. तो नमाजातही आवाज राखून ठेवतो आहे हे जुबैदाभाभीच्या लक्षात आलं आणि ती परत आत गेली.

धावजीच्या कपाळावर एक आठी बसली होती, हिशोब न जुळल्यासारखी. तो म्हणाला, "थांबा नानाजी. पोरीच्या फोनात तं ते चालत होतं ना?"

"हो."

"मंग पोरीच्याच फोनात भरून घ्याचा ना आवाज. मागून टाकला असता याच्यात. नाही तं साधं रेकॉर्डिंग. तुमच्या खिशात नोता का फोन?"

शेडातला हातोडा पडायचा तेव्हा पडला नाही. मग पडला.

मला धावजी आवडला नाही त्या क्षणी. माझ्या गोष्टीत प्रश्न विचारणारे पुष्कळ येतात, सावलीची पावती कोणाच्या नावानं फाडली असं विचारतात. त्यांना उत्तर देणं सोपं असतं. मी त्याच्याकडे खर्रा मागितला, तो म्हणाला संपला. संपला नव्हता.

"दोनदा बोलाले लावाचं नोतं," मी म्हटलं. "सांगतलं ना."

"एकदाच बोलला असता. पोरीच्या फोनात."

"तू ऐकतं का नाही?"

"ऐकून राह्यलो," धावजी म्हणाला.

"तं ऐक. तेवढ्यात जीप आली."

जीप आली. खेमसिंगनं गल्लीच्या तोंडाशीच हॉर्न वाजवला. जुबैदाभाभीनं पिशव्या बाहेर काढल्या. मुख्तारनं चपला घातल्या. कहकशां म्हणाली, पाच मिनटं, अब्बू, फक्त पाच मिनटं. खेमसिंग आत येऊन उभा राहिला आणि घड्याळाकडे पाहू लागला. रस्ता खराब, नागपूर दूर, खाट दुसऱ्याला गेली तर पुन्हा कधी मिळेल ते कोणी सांगत नव्हतं. आणि नेमका त्याच वेळी, मी धावजीला म्हटलं, नेमका त्याच वेळी स्कूटरवर शहजाद आला.

शहजाद म्हणजे बसस्टँडजवळचा मोबाइल दुरुस्तीवाला. मुख्तारला निरोप द्यायला आलेला. त्यानं वायर पाहिली, लॅपटॉप पाहिला, कहकशांचं तोंड पाहिलं.

"काय झालं बहेन?"

"परवानगी देत नाही. नंबर बरोबर टाकला, तरी."

"कोणता नंबर?"

"कंपनीचा." तिनं फोनाची पाठ दाखवली.

शहजाद हसला, म्हणजे हसायला लागला आणि थांबला. "हे नाव तं वरचं हाय," तो म्हणाला. "आतली पाटी, म्हणजे बोर्ड, या कंपनीची नाही. मुख्तारभाईचा फोन मागं जॅकखाली चेंदला होता ना? वरचं खोकं मी जुनंच ठेवलं, आत दुसऱ्याच कंपनीचं सामान बसोलं. त्यायनंच सांगतलं होतं, जे बसन ते बसव, चालल्याशी मतलब."

आमच्याकडे सगळं असंच चालतं. ट्रकाला बोनेट एका कंपनीचं असतं, गिअरबॉक्स दुसऱ्या, मागचा धुरा तिसऱ्याच कोण्या मेलेल्या ट्रकचा. मिस्त्री ते गिऱ्हाइकाला सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. गाडी पळते तोवर आत कोण आहे ते विचारणं बरं समजत नाहीत. मुख्तारनं जन्मभर दुसऱ्यांच्या ट्रकात जे केलं तेच शहजादनं त्याच्या फोनात केलं होतं. पालथा हात, उताणा हात. वरून एक, आतून दुसरा. तो तेच सांगत होता. आणि त्याला बोलू दिलं नव्हतं.

"अरे बापा," धावजी म्हणाला.

इथून पुढे मी त्याच्याकडे न पाहता बोललो. रस्त्याकडे पाहत बोललो, मला बोलताना रस्ता बरा पडतो.

"पोरीनं शहजादले खरा नंबर इचारला. ओळीत टाकला. दाराशी बसणाऱ्याले सांगतलं, नियम परत वाच. वायर काढली, घातली. आन् फोनाच्या पडद्यावर प्रश्न आला, या कॉम्प्युटरले परवानगी द्याची का? तिनं फोन तसाच बापासमोर धरला. मुख्तारनं स्वतःच्या अंगठ्यानं होय दाबलं. मंग काय चुकलं ते लॅपटॉपवर दिसलंच. एक ओळ होती. तिनं बदलली. अ‍ॅप उघडलं आन् उघडंच राह्यलं."

"आन् जीप?"

"खेमसिंगनं इंजन बंद केलं. चावी काहाडून खिशात टाकली. म्हणे खाट गेली तं मी माह्या घरची खाट नेऊन टाकतो तिथं."

धावजीनं मान हलवली. मी वेग घेतला.

मग मुख्तार बोलला. एवढा वेळ राखून ठेवलेलं सगळं बोलला. चाय म्हणाला, तर शेजारच्या घरात चहाचं भांडं आपोआप उतू गेलं. पाणी म्हणाला. दुखतं म्हणाला, आणि ते असं म्हणाला की खेमसिंगसारखा गडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जुबैदा म्हणाला, नुसतं नाव, आणि भाभी आतून "जी" म्हणत आली, तीस वर्षं येते तशी, तर तिची "जी"सुद्धा त्यात भरली गेली. आता चौकोन दाबला की दोघं निघतात. शिव्यांचा चौकोन वेगळा होता, तो भरताना गल्लीतल्या पोरींना आत पाठवावं लागलं. त्या एकेका शिवीनं मारेगाव रस्त्यावर उभे ट्रक हलले. खदानीतले डंपर थांबले. तिकडच्या लोकांना वाटलं, मुख्तार बरा झाला.

"आन् शेवटी," मी म्हटलं, "त्यानं पोरीचं नाव घेतलं. कहकशां. एकदा रागानं, सामान कुठं ठेवलं म्हणून घेतो तसं. एकदा लाडानं. एकदा झोपेतून उठल्यासारखं. आन् एकदा नुसतंच, काही काम नसते आन् माणूस घरात कोण हाय ते पाह्याले हाक मारते, तसं. ती म्हणे, अब्बू, बस, दुखन. तो म्हणे, हे राहू दे, हे तुह्यासाठी. मंग गेला नागपूरले. आता गळ्याले भोक हाय, पण आवाज गेला कुठं? सकाळी तो पोरीले हाक मारते ते मी इथं बाकड्यावर ऐकतो. ती पुण्याले गेली तरी मारते."

मी गमछ्यानं तोंड पुसलं. धूळ फार आहे इकडे.

धावजीनं सरकून माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाला, "मले ती नुसती हाक मारलेली ऐकाची हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातोडा बंद आहे. किती वेळचा बंद आहे ते कळलं नाही. मुख्तार शेडाच्या तोंडाशी उभा होता. त्यानं हात चिंधीला पुसले, एक एक बोट वेगळं पुसलं, तरी काळे राहिले ते राहिलेच. रुमाल आत गेला, बाहेर आला. त्यानं कुर्त्याच्या खिशातून फोन काढला. मी म्हटलं, "मुख्तार, राहू दे बे, गिऱ्हाईक हाय." तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्यानं एका बोटानं फोनावर लिहायला सुरुवात केली, हळूहळू, मध्येच थांबून, पुसून, परत. मग फोन धावजीच्या कानाजवळ धरला आणि अंगठा दाबला.

बाईचा आवाज आला. स्वच्छ, शहरातला, बँकेत फोन केला की बोलते तसल्या बाईचा. तिला ना धूळ लागलेली ना खोकला. धावजीनं दचकून मागे वळून पाहिलं, कोणी बाई उभी आहे का. मागे त्याचा ट्रक होता.

बाई म्हणाली, "तुमचा पाटा तयार आहे. हा माणूस खोटं बोलतो आहे. शहजाद आला तेव्हा मी गाडीत बसून गेलो होतो. माझा आवाज यात नाही."